डोंगर वारा अडवतो की वाढवतो?

१. प्रश्न साधा, उत्तर तीन पदरी

डोंगराच्या आडोशाला वारा लागत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तरीही जगातल्या महासागरांवर सोसाट्याचे वारे सर्वात जास्त वेळा कुठे वाहतात हे उपग्रहांनी मोजायला सुरुवात केली, तेव्हा सर्वात ठळक ठिकाण निघाले ते ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळचे, केप फेअरवेलचे. त्या किनाऱ्यावर पर्वत समुद्राला अगदी खेटून उभे आहेत. मागे बेटाच्या आत गेले की हिमचादरीची उंची तीन हजार मीटरच्याही वर जाते. एवढी प्रचंड भिंत असताना वारा थोपायला हवा, पण तो तिथेच सर्वात बेभान होतो. म्हणून सामान्य वाचकाला पडणारा प्रश्न रास्त आहे: डोंगर वारा अडवतो की वाढवतो?

या प्रश्नाचा मागोवा नेदरलँड्सच्या वाटेने घेणे सोयीचे आहे. युरोपातल्या नेदरलँड्समधली सर्वात उंच टेकडी, फाल्सरबर्ग, अवघी ३२२ मीटरची. देशाचा सुमारे चौथा हिस्सा तर समुद्रसपाटीच्याही खाली. पण याच देशाच्या खलाशांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर ध्रुवीय किनाऱ्यांवर हिवाळा काढला, इथल्याच एका शास्त्रज्ञाने वारा आणि हवेचा दाब यांचे नाते सांगणारा नियम दिला, आणि आज इथल्याच विद्यापीठांची उपकरणे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावर उभी आहेत. त्या सगळ्या पुराव्यातून निघणारे माझे म्हणणे असे आहे. डोंगर वाऱ्याची शक्ती निर्माण करत नाही. असलेली शक्ती कुठे एकवटायची ते तो ठरवतो. ध्रुवीय प्रदेशात हे इतक्या तीव्रतेने घडते याचे कारण तिथे तीन गोष्टी एकत्र येतात: जड थंड हवा, समुद्राला लागून असलेली उंच भिंत आणि पृथ्वीच्या फिरण्याचा जोरदार परिणाम. या तिन्ही एकेक करून पाहू.

२. सपाट देशात सापडलेला नियम

हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते, एवढे आपण भूगोलात शिकतो. पण ती सरळ जात नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात चालती हवा उजवीकडे ढकलली जाते. या ढकलण्याला कोरिऑलिस बल म्हणतात. त्याच्या दोन खुणा लक्षात ठेवायच्या. हवा जितकी वेगात, तितके हे बल मोठे. हवा थांबली की बल शून्य. आणि विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जावे तसे ते वाढत जाते. दाबातला फरक हवेला एका बाजूला ओढतो, कोरिऑलिस बल विरुद्ध बाजूला ढकलते. दोघांची बरोबरी झाली की वारा कमी दाबाकडे थेट न जाता त्याला वळसा घालत समदाब रेषांच्या कडेने वाहू लागतो.

हे प्रत्यक्ष नोंदींतून दाखवून दिले उट्रेख्तच्या क्रिस्टोफोरस बाइस बॅलट यांनी. १८५४ मध्ये त्यांनी नेदरलँड्सची राष्ट्रीय हवामान संस्था स्थापन केली. तीच आज डे बिल्टमध्ये आहे आणि के.एन.एम.आय. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. देशाच्या वेगवेगळ्या भागांतले वायुभारमापकाचे आकडे शेजारी ठेवून १८५७ मध्ये त्यांनी नियम मांडला: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. अमेरिकेत विल्यम फेरेल यांनी गणिताच्या मार्गाने तेच आधी सांगितले होते, आणि बाइस बॅलट यांनी ते मान्यही केले. पण नियम रोजच्या वापरात आला तो त्यांच्यामुळे. १८६० पासून नेदरलँड्समध्ये तारायंत्राद्वारे बंदरांना वादळाचे इशारे जाऊ लागले, त्यांच्या मुळाशी हाच हिशेब होता.

हा नियम इतका चोख लागू पडण्यात नेदरलँड्सच्या सपाटपणाचा वाटा मोठा आहे. उत्तर समुद्रावरून आलेल्या हवेला तिथे वाटेत काही आडवे येत नाही, त्यामुळे दाब आणि कोरिऑलिस बल यांची बरोबरी सहसा मोडत नाही. ही बरोबरी मोडली तर काय होईल, हे पाहायचे असेल तर हवेसमोर भिंत हवी. आणि हवाही अशी हवी, की जिला ती भिंत चढता येत नाही.

३. थंड हवा डोंगर का चढत नाही

आपल्याकडे उंचावर गेले की हवा गार होते. ध्रुवीय हिवाळ्यात मात्र जमिनीलगतची हवाच सर्वात थंड असते. बर्फ आपली उष्णता आकाशात सोडत राहतो, सूर्य ती भरून काढत नाही, आणि बर्फाला चिकटलेला हवेचा थर वरच्या थरापेक्षा कितीतरी थंड होतो. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. थंड हवा जड असते. ती वर उचलली तर भोवतालच्या हलक्या हवेत तिला आधार मिळत नाही आणि ती पुन्हा खाली येते. म्हणजे इथे डोंगर चढणे हे हवेसाठी खरोखरीच कष्टाचे काम आहे, आणि ते करायला तिच्याकडे भांडवल एकच: स्वतःचा वेग.

ढोबळ हिशेब असा मांडता येतो. अशा स्थिर थंड हवेत वाऱ्याच्या दर सेकंदाला एक मीटर वेगामागे हवा साधारण ५० ते १०० मीटर चढू शकते. विपरीतता जितकी तीव्र, तितका हा आकडा पन्नासच्या जवळ. वारा सेकंदाला १० मीटरचा असेल, म्हणजे तासाला ३६ किलोमीटरचा, तर तो ५०० ते १,००० मीटर चढेल. फाल्सरबर्ग ओलांडायला सेकंदाला ७ मीटरचा साधा वाराही पुरेल. पण समोर २,००० मीटरची भिंत असेल तर सेकंदाला २० ते ४० मीटरचा, म्हणजे वादळाच्या तोडीचा वारा लागेल. रोजच्या वाऱ्याला ते झेपत नाही. तो अडतो.

इथे महाराष्ट्रातला वाचक विचारेल, की सह्याद्रीही समुद्राला समांतर उभी भिंतच आहे, मग कोकणात असे का होत नाही? शंका रास्त आहे. मोसमी वारा सह्याद्रीपाशी थोडासा मंदावतो हे खरे. पण ती हवा उबदार आणि बाष्पाने भरलेली असते. ती थोडी वर सरकली की बाष्पाचे पाणी होते, त्यातून उष्णता सुटते, आणि त्या उष्णतेच्या बळावर हवा आणखी वर चढते. शिवाय मुंबईच्या अक्षांशावर कोरिऑलिस बल पूर्व ग्रीनलंडच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश असते. त्यामुळे सह्याद्रीपाशी अडथळ्याचा परिणाम प्रामुख्याने पावसात दिसतो. ग्रीनलंडपाशी तोच परिणाम वाऱ्यात उतरतो.

४. बांधाला लागलेले पाणी

अडलेल्या हवेचे पुढे काय होते, ते शेतात पाहायला मिळते. पाटाचे पाणी बांधाला येऊन भिडले की ते बांध चढत नाही. आधी तिथे तुंबते, मग बांधाच्या कडेकडेने धावू लागते, आणि बांध जिथे संपतो त्या टोकाला जोरात फुटून बाहेर पडते. ध्रुवीय हवेचे वागणे याच क्रमाने चालते. फक्त पाणी कोणत्या बाजूला वळेल हे शेतात जमिनीचा उतार ठरवतो, आणि इथे ते हवेचा दाब आणि पृथ्वीचे फिरणे मिळून ठरवतात.

आता पूर्व ग्रीनलंडचे चित्र डोळ्यांसमोर आणू. आइसलँडच्या आसपास कमी दाबाचे क्षेत्र आहे. त्याच्या उत्तरेला वारा पूर्वेकडून ग्रीनलंडकडे वाहतो आहे. बाइस बॅलट यांच्या नियमाप्रमाणे कमी दाब त्याच्या डाव्या हाताला, दक्षिणेला आहे. हवा पर्वताला भिडते आणि मंदावते. वेग घटला की कोरिऑलिस बलही घटते, कारण ते वेगावरच अवलंबून आहे. दाबाचा ओढा मात्र तसाच राहतो. आजवर दोन बलांची बरोबरी होती, ती मोडते. दाब जिंकतो, हवा डावीकडे वळते आणि किनाऱ्याला समांतर नैर्ऋत्येकडे धावू लागते. धावता धावता वेग वाढला की कोरिऑलिस बल परत येते आणि तिला उजवीकडे, म्हणजे पर्वताकडेच, रेटते. पर्वतापाशी साचलेली जड हवा तिला मागे ढकलते. अशा रीतीने हा प्रवाह भिंतीला टेकून, पसरायला जागा न मिळता, शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात दाबला जातो. हवामानशास्त्रात याला बॅरियर विंड म्हणतात. आपण त्याला भिंतकडेचा वारा म्हणू. त्याचा सर्वात जोराचा भाग समुद्रापासून फार उंचावर नसतो, पर्वताच्या माथ्याच्या खालीच असतो, कारण भिंतीचा रेटा तेवढ्याच उंचीपर्यंत आहे.

केप फेअरवेलला ही भिंत संपते. तिथे प्रवाह टोकाला वळसा घालत मोकळ्या समुद्रावर झेपावतो. २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आइसलँडहून उड्डाण करणाऱ्या ब्रिटिश संशोधन विमानाने अशा एका पूर्वेकडच्या झोताच्या आतून जाऊन मोजमाप केले. समुद्रापासून हजार मीटरच्या आतच वाऱ्याचा वेग सेकंदाला जवळपास ५० मीटर, म्हणजे तासाला सुमारे १८० किलोमीटर भरला. कमी दाबाची जागा बदलली आणि वारा पश्चिमेकडून आला, तरी हेच टोक उलट दिशेचा झोत तयार करते. तो टोकाच्या पूर्वेकडच्या इर्मिंगर समुद्रावर तुटून पडतो.

५. ‘हे तर वादळाचेच वारे!’

इथे एक मजबूत आक्षेप घेता येतो. उत्तर अटलांटिक हा वादळांचा रस्ता आहे. आइसलँडजवळचा कमी दाब तर नकाशावर जवळपास कायमचा. मग जोराच्या वाऱ्यांचे श्रेय त्या वादळांना न देता डोंगराला का द्यायचे? या आक्षेपाचा अर्धा भाग मान्यच केला पाहिजे. शक्ती वादळाचीच असते. वादळ नसेल तर भिंतकडेचा वाराही नाही. पण वादळे रस्त्यावरून सरकत जातात. फक्त त्यांचाच हिशेब असता तर जोराच्या वाऱ्यांचा पट्टाही त्यांच्या वाटेवर सैलसर पसरलेला दिसला असता. उपग्रहांच्या नकाशात तो तसा पसरलेला नाही. तो ग्रीनलंडच्या कडेला आणि टोकाला चिकटलेला आहे. केप फेअरवेलला जोराचे वारे प्रामुख्याने दोनच दिशांनी येतात, पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून. मधल्या दिशा विरळ. वादळ कोणत्याही दिशेचा वारा देऊ शकते, दिशांची अशी निवड भिंतच करते. तिसरा पुरावा संगणकी प्रयोगांचा आहे. तीच वादळे ठेवून ग्रीनलंडची उंची काढून टाकली, तर हे झोत नाहीसे होतात. हा पुरावा मला निर्णायक वाटतो, कारण त्यात एकच गोष्ट बदललेली असते.

दुसरा आक्षेप आपल्या सुरुवातीच्या अनुभवाचा: आडोशाचे काय? आडोसा असतोच. टोकाच्या झोताला लागूनच, पर्वताच्या मागच्या बाजूला, शांत पट्टा पडतो. एका जागी वाढलेला वेग दुसऱ्या जागी कमी झालेला असतो. १६१४ मध्ये तिथे पोहोचलेल्या डच कप्तानाचे नाव मिळालेल्या यान मायेन बेटावर २,२७७ मीटरचा बेरेनबर्ग ज्वालामुखी एकटाच उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांनी वारा जोरात निघतो आणि मागे मंद वाऱ्याची, भोवऱ्यांची लांब पट्टी राहते. म्हणजे आडोशाचा अनुभव आणि जोराचा वारा ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत.

६. वादळाविना वाहणारा वारा

भिंतकडेच्या वाऱ्याला वादळ लागते, पण ध्रुवीय किनाऱ्यांवर आणखी एक वारा आहे ज्याला तेही लागत नाही. हिमचादरीवर थंड झालेली जड हवा उतारावरून खाली घसरू लागते. हा उतारवारा, शास्त्रीय नाव कॅटाबॅटिक. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगरलुस्सुआकजवळ, सुमारे ६७ अंश उत्तरेला, उट्रेख्त विद्यापीठाच्या सागर आणि वातावरण संशोधन संस्थेने १९९० पासून बर्फावर एका ओळीत मोजणी चालवली आहे. तिथली स्वयंचलित हवामान केंद्रे सुमारे ५००, १,००० आणि १,५०० मीटर उंचीवर आहेत. खालच्या केंद्राजवळ दरवर्षी तीन-चार मीटर बर्फ वितळतो, म्हणून त्याचा खांब बर्फात रोवलेला नाही. तो पाय पसरून बर्फावर नुसता उभा असतो आणि बर्फ खचेल तसा त्याच्यासोबत खाली येतो. त्यामुळे त्याची उपकरणे पृष्ठभागापासून एकाच उंचीवर राहतात, आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात.

त्या नोंदींमधली एक गोष्ट फार बोलकी आहे. तिथे बर्फाचा उतार पश्चिमेकडे आहे. हवा फक्त घसरत असती तर वारा पूर्वेकडून यायला हवा होता. प्रत्यक्षात तो चिकाटीने आग्नेयेकडून येतो. उतरताना तो उजवीकडे कलला आहे: दुसऱ्या विभागातला कोरिऑलिस बलाचा हिशेब इथे उघड्या डोळ्यांनी दिसतो. उन्हाळ्यातही हा वारा थांबत नाही, कारण वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंशाच्या वर चढू शकत नाही. वरची हवा तापली तरी बर्फालगतची हवा तुलनेने थंड आणि जडच राहते.

उतार सगळीकडे सारखा असता तर हा वारा सारखा पसरला असता. पण किनाऱ्याजवळच्या पर्वतांतून बर्फाला आणि हवेला वाट काढावी लागते ती दऱ्या आणि फ्योर्ड, म्हणजे अरुंद खोल खाड्या, यांच्यातून. विस्तीर्ण पठारावरची हवा मोजक्या तोंडांपाशी गोळा होते. पूर्व ग्रीनलंडमध्ये अशा झंझावाताला पिटेराक म्हणतात. फेब्रुवारी १९७० मध्ये तासीलाक गावाची त्याने प्रचंड हानी केली. स्वालबार्डच्या नी-ओलेसुंद इथे, जिथे नेदरलँड्सचे ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, वारा बहुतेक वेळा काँग्सफ्योर्डच्या लांबीच्या दिशेनेच येतो. वरच्या हवेची दिशा काहीही असो. अंटार्क्टिकात उट्रेख्तच्या मिकील फान डेन ब्रुके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उताराचा ओढा, वरच्या हवेतला दाब आणि किनाऱ्याशी साचलेली थंड हवा यांचे हिशेब वेगवेगळे करून दाखवले. एकाच ठिकाणच्या वाऱ्यात हे सगळे मिसळलेले असतात, आणि कोणाचा वाटा किती हे जागा आणि ऋतू यांप्रमाणे बदलते.

७. गोठवणारा आणि वितळवणारा, एकच वारा

वारा पुरेसा जोराचा असला, किंवा पर्वताच्या माथ्यापर्यंतची हवाच वाहत असली, की तो डोंगर ओलांडतो आणि पलीकडे कोसळतो. खाली येणारी कोरडी हवा दर १०० मीटरला साधारण एक अंश सेल्सियसने तापते. समजा १,५०० मीटरच्या माथ्यावर हवा उणे १० अंश आहे. पायथ्याशी पोहोचेपर्यंत ती अधिक ५ अंश झालेली असेल. तीच हवा माथ्यावर उणे ३५ असेल, तर खाली ती उणे २० अंशांची उतरेल. पायथ्याच्या माणसाला पहिला वारा ऊबदार लागेल, दुसरा हाडे गोठवेल. क्रिया मात्र एकच. ऊबदार वाऱ्याला फॉन म्हणतात, थंड वाऱ्याला बोरा.

नोवाया झेम्ल्या हे बोरा वाऱ्याचे नामांकित ठिकाण. रशियाच्या या पर्वतमय द्वीपसमूहाच्या ईशान्य किनाऱ्यावर १५९६-९७ चा हिवाळा डच खलाशी विलेम बॅरेंट्स, याकोब फान हेम्सकेर्क आणि त्यांच्या साथीदारांनी काढला. जहाज बर्फात अडकल्यावर १७ जणांनी वाहून आलेल्या लाकडांचे आणि जहाजाच्या फळ्यांचे घर बांधले. त्यांच्यातल्या गेरिट डे वेर यांनी तिथल्या वाऱ्याच्या, हिमवादळांच्या आणि थंडीच्या नोंदी ठेवल्या. ती रोजनिशी १५९८ मध्ये छापली गेली. परतीच्या वाटेवर जून १५९७ मध्ये बॅरेंट्स वारले; बारा जण घरी पोहोचले.

फॉनचे उदाहरण दक्षिण टोकाकडचे आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्वेला लार्सन-सी ही तरंगती हिमपट्टी आहे, आणि तिच्या पश्चिमेला पर्वतरांग. उट्रेख्तच्या संशोधकांनी २०१४ च्या अखेरीस तिथे एक हवामान केंद्र बसवले. मे २०१६ मध्ये, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर, सूर्य जेमतेम क्षितिजाशी असताना, त्या केंद्राने जोरदार वितळण नोंदवली, आणि उपग्रहाच्या रडारला बर्फावर पाण्याची तळी दिसली. उष्णता सूर्याची नव्हती. पर्वत ओलांडून उतरलेल्या वाऱ्याची होती. केंद्राच्या नोंदींच्या काळात तिथल्या एकूण वितळणीचा पाचवा ते चौथा हिस्सा हिवाळ्यातच झाला, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले.

८. सपाट देशाला याचे काय?

एवढ्या दूरच्या, शंभर-दोनशे किलोमीटर रुंदीच्या वाऱ्यांचा समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या देशाशी काय संबंध, हा शेवटचा आक्षेप. पहिला संबंध समुद्राचा. समुद्रातून उष्णता खेचण्याचा वाऱ्याचा वेग त्याच्या गतीच्या प्रमाणात वाढतो, आणि त्याने पाण्यावर टाकलेला रेटा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात. सेकंदाला १० मीटरच्या जागी २५ मीटरचा वारा आला तर उष्णतेचा उपसा अडीच पट आणि रेटा सहा पटींहून अधिक होतो. इर्मिंगर समुद्रात हिवाळ्यात वरचे पाणी असे थंड होऊन जड होते आणि खोल बुडते. पश्चिम युरोपला ऊब पुरवणाऱ्या अटलांटिकच्या अभिसरणाशी ही बुडण्याची क्रिया जोडलेली आहे. टेसल बेटावरच्या रॉयल नेदरलँड्स समुद्र संशोधन संस्थेची नांगरलेली उपकरणे २००३ पासून तिथे मोजणी करत आली आहेत. २०१४-१५ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात पाण्याची ही घुसळण १,४०० मीटरच्याही खाली गेल्याचे त्यांच्या नोंदींत आढळले.

दुसरा संबंध समुद्राच्या पातळीचा. ग्रीनलंडचा बर्फ वितळला तर जगाची सरासरी पातळी वाढते. पण बर्फाचे वस्तुमान घटले की त्याचे समुद्राच्या पाण्यावरचे गुरुत्वाकर्षणही घटते, म्हणून जवळच्या नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर त्यातली वाढ सरासरीपेक्षा कमी येते. अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तर नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरची वाढ सरासरीपेक्षा जास्त. लार्सन-सीसारखी पट्टी आधीच तरंगती असल्याने ती वितळून पातळी थेट चढत नाही, पण मागच्या हिमनद्यांना तिचा टेकू असतो. शेजारची लार्सन-बी २००२ मध्ये काही आठवड्यांत कोसळली आणि तिच्या मागच्या हिमनद्या वेगाने समुद्राकडे सरकू लागल्या. पर्वत ओलांडणारा वारा असा टेकू पोखरत असेल, तर डच बांधांची उंची ठरवणाऱ्यांना त्याची दखल घ्यावीच लागते.

इथेच नकाशाच्या बारकाईचा मुद्दा येतो. जागतिक हवामान प्रतिमाने पृथ्वीचे साधारण शंभर किलोमीटरचे चौकोन पाडतात. अशा चौकोनात समुद्राला भिडलेला कडा म्हणजे एक संथ चढण होते. भिंत नाही म्हणून भिंतकडेचा वारा नाही, दरी नाही म्हणून एकवटलेला झोत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी डे बिल्टमध्ये तयार झालेले आणि उट्रेख्तमध्ये ध्रुवांसाठी घडवलेले रॅक्मो हे प्रादेशिक प्रतिमान ग्रीनलंडसाठी ११ आणि पुढे ५.५ किलोमीटरच्या चौकोनांवर चालवले गेले. चौकोन लहान केल्याने वादळे बदलत नाहीत, फक्त डोंगर आपल्या खऱ्या उंचीने उभा राहतो, आणि बर्फाच्या हिशेबात न बसणारे वारे त्यात बसू लागतात. समुद्राची पातळी किती चढेल याचा कोणताही अंदाज वाचताना म्हणून एक प्रश्न जरूर विचारावा: या हिशेबात किनाऱ्यावरचे डोंगर किती उंच धरले आहेत?